गिरगावातल्या जुन्या केमिस्टच्या बाटल्या: काळ ओळखणे, सफाई, जतन

फणसवाडीकर (धागाकर्ता)

गिरगावातली एक चाळ पुनर्विकासात जातेय. तळमजल्यावरचं औषधांचं दुकान रिकामं होतंय आणि मागच्या खोलीतल्या कपाटात सुमारे ८० बाटल्या निघाल्या आहेत. काचेचं बूच असलेल्या गोल उभ्या २२, त्यांवर लॅटिन संक्षेपातली लेबलं. तपकिरी ३०च्या आसपास. निळ्या, सहाकोनी, कंगोरेवाल्या ५. बाकी मिक्श्चरच्या साध्या बाटल्या, त्यातल्या काहींवर कागदाची कातरलेली पट्टी. शिवाय मलमाच्या चिनी मातीच्या बरण्या, पत्र्याचे डबे आणि न वापरलेल्या लेबलांचे गठ्ठे. दहा-बारा बाटल्यांत अजून काहीतरी शिल्लक आहे.

काळ कसा ओळखायचा, साफ कशा करायच्या आणि आपल्या दमट हवेत लेबलं कशी टिकवायची? उचलायला १५ दिवस आहेत.

औंसड्रॅम

सफाईचा विषय आज बाजूला ठेवा. आधी त्या दहा-बारा भरलेल्या बाटल्यांची लेबलं जागेवरच वाचा आणि एकाचंही बूच फिरवू नका. त्यावरून आधी कागदावर तीन ढीग करा.

पहिला ढीग, अजिबात हात न लावण्याचा:

- अ‍ॅसिड पिक्रिक. भाजल्यावर लावायचं पिवळं औषध याचंच असे. ओलं असेतो ठीक, सुकल्यावर हे स्फोटक होतं. झाकणाच्या आट्यांत पिवळे खडे साठले असतील तर नुसत्या फिरवण्याच्या घर्षणानंही उडू शकतं. बाटली हलवूसुद्धा नका.
- ईथर. अर्धवट रिकाम्या बाटलीत हवेमुळे पेरॉक्साइड तयार होतात. बुचाभोवती किंवा तळाशी खडे दिसले तर पिक्रिकचाच नियम.
- कलोडियन, म्हणजे जखमेवर लावायचं चिकट औषध. आत सुकलेला पारदर्शक पापुद्रा म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ठिणगी लागली की भडकतो.

दुसरा ढीग विषाचा: लायकर आर्सेनिकॅलिस (यात १ टक्का आर्सेनिक ट्रायऑक्साइड), स्ट्रिकनीन, नक्स व्हॉमिका (कुचला), पाऱ्याचे क्षार (हायड्रार्ज. ने सुरू होणारं काहीही). क्लोरोफॉर्म याच ढिगात, कारण उजेड आणि हवा लागून त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू सुटतो. हातमोजे घालून, बाटली उभी ठेवून, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात.

तिसरा ढीग निरुपद्रवी: शेपाचा अर्क, वेलदोड्याचं टिंक्चर, सुंठेचं टिंक्चर, चिराईताचा काढा, एरंडेल वगैरे.

पहिल्या ढिगातलं काही सापडलं तर दुकानमालकांनी स्वतः अग्निशमन दलाला कळवावं. दुसऱ्याच्या विल्हेवाटीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी विचारणा करावी. मोरीत ओतायचं नाही, पाऱ्याचं तर बिलकुल नाही.

अजून एक. टिंक्ट. ओपिआय म्हणजे अफूचा अर्क. मॉर्फिनच्या गोळ्यांच्या बारीक काचनळ्याही असतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली हे माल म्हणून जवळ बाळगणं गुन्हा आहे, 'संग्रह' म्हटल्यानं सुटका नाही. हे मालकांच्याच ताब्यात राहू द्या आणि त्याच पत्रात त्याचा उल्लेख करायला सांगा.

काचवेडा

औंसड्रॅम यांनी महत्त्वाचं सांगून टाकलं. मी काळाकडे वळतो.

बाटलीच्या अंगावरची साच्याची उभी शिवण बोटानं वर चाचपत न्या. ती तोंडाच्या कडेच्या खालीच विरली तर तोंड हातानं घडवलेलं आहे. कडेवरून पार वर गेली तर यंत्रावरची. बाटल्या घडवणारं ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ सालचं, म्हणून परदेशी पुस्तकं साधारण १९१० ची रेघ मारतात. पण ती रेघ विलायती आणि अमेरिकी मालाची. आपल्याकडे फुंकणीची काच नंतरही बराच काळ चालली. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा आणि ओगलेवाडीचा १९१६ चा, म्हणजे देशी काचधंदाच तेव्हा उभा राहत होता. तेव्हा शिवण खाली संपली म्हणून लगेच 'शंभर वर्षांची' म्हणून नाचू नका.

बुडावर पिसासारखी कड असलेला गोल वण दिसला तर तो ओवेन्स यंत्राचा. पांढरी काच उन्हात फिकट जांभळी झाली असेल तर तिचा रंग मारायला मँगनीज वापरलेलं, म्हणजे बहुधा पहिल्या महायुद्धापर्यंतची. गडद वांग्यासारखी जांभळी मात्र संशयास्पद. ती मुद्दाम किरण मारून केलेली असते.

निळ्या सहाकोनी बाटल्या विषाच्या. कंगोरे अंधारात बोटाला कळावेत म्हणून. त्यांवर 'नॉट टू बी टेकन' असं काचेतच उठवलेलं असेल बघा. निळा रंग औषधाला उजेडापासून वाचवायला असतो हा समज चुकीचा आहे. ते काम तपकिरी काचेचं.

मोडीवाचक

काचेपेक्षा लेबल जास्त बोलतं. मुंबईच्या लेबलावर काळ ठरवायच्या इतक्या खुणा असतात की बाटलीकडे बघायची गरजच पडत नाही.

पत्ता. 'बॉम्बे ४' असा नुसता विभाग असेल तर बहुधा १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचं, कारण त्या दिवशी पिनकोड आला. त्यानंतर तोच ४ क्रमांक ४००००४ झाला. (जुन्या विभागाचा आकडा पिनच्या शेवटी तसाच राहिला, ही सोय गिरगाव, काळबादेवी, परळ सगळीकडे दिसते.) 'बॉम्बे'च्या जागी 'मुंबई' असं इंग्रजी अक्षरांत छापलेलं असेल तर १९९५ नंतरचं. मराठी-गुजराती मजकुरात मात्र ते आधीपासून मुंबईच असे, तिथे फसू नका.

किंमत. आणे म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, किंवा फार तर त्याच्या लगेच पुढचं. 'न. पै.' (नये पैसे) असेल तर १९५७ ते १ जून १९६४. नुसते 'पैसे' असतील तर त्यापुढचं.

प्रत. नावापुढे 'बी. पी. १९३२' असेल तर ती ब्रिटिश औषधकोशाची आवृत्ती. पुढची आवृत्ती १९४८ ची, त्यामुळे बाटली त्या सोळा वर्षांतली धरायला हरकत नाही. 'बी. पी. १९१४' तसंच, १९३२ पर्यंत. 'आय. पी.' असेल तर भारतीय औषधकोश, पहिली आवृत्ती १९५५. परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक दोन्ही असतील तर १९४० चा कायदा आणि १९४५ चे नियम यांच्यानंतरचं.

आणि माझी लाडकी खूण, शुद्धलेखन. 'पोटांत घेण्याचें नाहीं', 'पाण्यांतून घ्यावें', 'हालवून लावावें' असे अनुच्चारित अनुस्वार असतील तर मजकूर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी जुळवलेला. 'अिंजेक्शन', 'अुपयोग' अशी अ ची बाराखडी दिसली तर सावरकरी लिपिसुधारणेचा मुद्रक. पण ही खूण एकाच बाजूनं चालते. जुना ब्लॉक झिजेपर्यंत वापरायची आपल्याकडे रीत, म्हणून अनुस्वार असूनही खाली ४००००४ दिसू शकतं. दोन खुणा भांडल्या तर उशिराची खरी माना.

शुभांगी_प

+१, वाचनखूण साठवली. कोऱ्या लेबलांचे गठ्ठे सोडू नका हो फणसवाडीकर. लोक बाटल्या उचलतात आणि कागद रद्दीत जातो. गठ्ठा सोडवू नका. वरची आणि खालची दोन-दोन लेबलं सोडून बाकीचा गठ्ठा दाबात राहिल्यामुळे कोराकरकरीत असतो. लेबलाच्या अगदी खालच्या कडेला बारीक टाइपात छापखान्याचं नाव आणि कधी कधी प्रती-महिना-वर्ष असतं, ५०००-३-५४ अशा धर्तीवर. भिंगातून बघा.

मागे डिंक लावलेली लेबलं पावसाळ्यात एकमेकांना चिकटून वीट झालेली असतील तर ओढू नका, वाफही देऊ नका. पूर्ण सुकवून, पातळ बोथट पट्टी कोपऱ्यातून सरकवून जितकी सुटतील तितकीच.

काचेरी

सफाई सोपी आहे. मूठभर बारीक वाळू, साबणाचं पाणी, पाच मिनिटं जोरात हलवा. चकाचक.

काचवेडा

@काचेरी, नको हो. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, काचेपेक्षा कठीण. एकदा हलवलं की आतून बारीक ओरखड्यांची जाळी होते आणि बाटली कायमची धुरकट दिसते. तारेचा ब्रश आणि छर्रे यांचंही तेच. कच्चे तांदूळ वापरा: २०० मिलीच्या बाटलीला दोन चमचे तांदूळ, कोमट पाणी पाव बाटली, पातळ साबणाचे चार थेंब. आधी २४ तास साबणाच्या पाण्यात भिजवलेली असावी. पाणी कोमटच. थंड काचेत कढत पाणी ओतलं की जुनी काच बुडाच्या कडेला तडकते, कारण तिथे जाडी एकसारखी नसते.

डाग कशाचा ते ओळखून औषध:

- पांढरा क्षार, बोअरच्या पाण्याचा: साधा व्हिनेगर, रात्रभर.
- आयोडीनचा तपकिरी: हायपोचं (सोडियम थायोसल्फेट) ५ टक्के पाणी, मिनिटाभरात उडतो.
- पोटॅशियम परमँगनेटचा तपकिरी-काळा: ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ३ ते ५ टक्के. लोहयुक्त मिक्श्चरच्या गंजकट डागालाही हेच. विषारी आहे, हातमोजे हवेत आणि नंतर तीनदा पाणी फिरवा.
- जेन्शन व्हायोलेट: स्पिरिट.
- चिकट तपकिरी थर, लोबानाच्या टिंक्चरचा: हाही स्पिरिटनंच सुटतो, पाण्यानं उलट दह्यासारखा फुटून बसतो.

एवढं करून इंद्रधनुषी किंवा दुधाळ झाक उरली तर तो डाग नव्हे. काचेतले क्षार ओलाव्यानं बाहेर निघून पृष्ठभाग खाल्ला गेलाय. काही घासलं तरी जात नाही. ओली असताना स्वच्छ दिसते आणि सुकली की परत पांढरी, हीच परीक्षा. विक्रेते आतून तेलाचा हात फिरवतात तो हे लपवायला.

मुगभाट

पण लेबल असलेली बाटली भिजवायची कशी?

शुभांगी_प

भिजवायचीच नाही. फक्त आतून. बाटली उभीच ठेवायची, लांब नळीच्या नरसाळ्यानं पाणी आत सोडायचं आणि माशांच्या टाकीच्या बारीक नळीनं ओढून बाहेर काढायचं. नळी तोंडानं ओढायची नाही, सिरिंज लावायची. तिरकी करून ओतलं की तोंडावरून थेंब ओघळतो आणि नेमका लेबलाच्या वरच्या कडेत शिरतो. मानेला टिपकागदाची गुंडाळी बांधून ठेवा.

लेबलाला पाण्याचं बोट लावण्याआधी कोपऱ्यातल्या एका अक्षरावर ओलसर कापूस टेकवून बघा. काळी छपाई बहुतेक टिकते. तांबडी आणि जांभळी शाई उतरते, कंपाउंडरनं कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेला नंबर तर ओल लागताच जांभळा पसरतो.

सुटलेली कड चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. वजनानं १ भाग स्टार्च, ५ भाग पाणी. अर्धा तास भिजवून, पातेल्यात पातेलं ठेवून मंद आचेवर २०-२५ मिनिटं ढवळत शिजवायची, पारदर्शक झाली की मलमलीतून गाळायची. लावताना आणखी पाणी घालून दुधाइतकी पातळ. बारीक कुंचल्यानं कडेखाली, वर टिपकागद, त्यावर सुती पट्टी हलक्या हातानं गुंडाळून २४ तास. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबट वास आला की फेकून द्या.

काचेरी

वाळूची चूक मान्य. पण खळीला कसर आणि झुरळं लागतात. फेव्हिकॉल पातळ करून का नको? किंवा जुने बाइंडर घालत तसं खळीत मोरचूद?

शुभांगी_प

फेव्हिकॉल सुकल्यावर परत सुटत नाही. दहा वर्षांनी ते लेबल कुणाला काढायचं झालं तर कागदासकट फाटेल. खळ ओल दिली की सुटते, तोच तिचा गुण. मोरचुदानं कीड थांबते खरी, पण कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. जुन्या जमाखर्चाच्या वह्यांच्या कण्याजवळ तो हिरवट-तपकिरी पट्टा असतो ना, तो त्याचा. कीड ओलाव्यामागून येते, तेव्हा ओलावा धरा. सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन शब्दांचा उच्चारही नको.

बाटलीबॉय

कातरलेल्या पट्टीबद्दल कुणी बोललं नाही. ती डोसाची पट्टी. सगळ्यात आधी तीच गळून पडते, म्हणून जपा.

करायची पद्धत: बाटलीतल्या औषधाच्या उंचीइतकी, सेंटिमीटरभर रुंद कागदाची पट्टी. डोस जितके तितक्या घड्या घालायच्या आणि घडीच्या दोन्ही टोकांचे कोपरे एका कातरीत उडवायचे. उलगडली की दोन्ही कडांना खाचा पडतात. बाटलीच्या मागच्या बाजूला उभी चिकटवायची, पुढे दवाखान्याचं लेबल.

माप इंपीरियल औंसाचं: १ औंस म्हणजे २८.४ मिली, ८ ड्रॅम म्हणजे १ औंस, ६० मिनिम म्हणजे १ ड्रॅम. ६ औंसाची बाटली १७० मिली, त्यावर १२ खाचा असतील तर डोस अर्धा औंस, दिवसाला तीन म्हटलं की चार दिवसांचं औषध. तपासायचं तर सिरिंजनं १४.२ मिली पाणी घालत जा आणि पातळी खाचेला येते का बघा. बहुतेकदा सगळ्यात खालची खाच चुकलेली निघते. काचेचं बूड जाड असतं, कंपाउंडर पट्टी बाहेरच्या बुडापासून चिकटवायचा, त्यामुळे शेवटचा डोस कमी भरायचा. खांद्याच्या वर खाच गेली तर ती पट्टी दुसऱ्याच बाटलीची.

पाण्यानं क्षमता मोजली की देशही कळतो. ब्रिटिश पाइंट २० औंस, ५६८ मिली. अमेरिकी पाइंट १६ औंस, पण त्यांचा औंस २९.६ मिलीचा, म्हणून ४७३. मोजताना काठोकाठ नाही, मानेच्या सुरुवातीपर्यंत भरा.

फणसवाडीकर

अप्रतिम माहिती. मालकांना सगळं दाखवलं. पिक्रिक आणि ईथर नाही, हायड्रार्ज.च्या दोन आणि टिंक्ट. ओपिआयची एक त्यांनी बाजूला ठेवून पत्र लिहायला घेतलंय. आता दोन अडचणी. काचेची बुचं अडकली आहेत. आणि हाताने लिहिलेल्या काही लेबलांवर मराठी ३ सारखं चिन्ह आहे, ते काय?

औंसड्रॅम

तीनसारखं ते ड्रॅमचं चिन्ह. त्याच्या डोक्यावर एक फाटा जास्त असला की औंस. एका फाट्यानं आठपट फरक, म्हणून नक्कल करताना भिंग घ्या.

बुचं: फक्त रिकाम्या बाटल्यांची काढायची. सांध्याभोवती ग्लिसरीन आणि स्पिरिट समसमान मिसळून चार-पाच थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ५० अंशांच्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं फक्त मानेला २०-३० सेकंद गुंडाळा. मान आधी फुलते, बूच थंडच असतं, तेवढ्या वेळात लाकडी चमच्याच्या दांड्यानं बुचाला आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी खालून वर हलकी टिचकी. पक्कड लावली की बुचाची मान तुटून खुंटी आत राहते. न निघाल्यास हाच क्रम तीन-चार दिवस. घाई केली तर तुटणारच.

निघालं की बुचाच्या खालच्या अंगाला आणि बाटलीच्या तोंडाला कोरलेला आकडा जुळतो का बघा. प्रत्येक बूच त्याच बाटलीत घासून बसवलेलं असतं. २२ बुचं एका टोपलीत टाकून धुतली तर पुढचा आठवडा जोड्या लावण्यात जाईल. परत बसवताना मधे कागदाची अरुंद पट्टी ठेवा, म्हणजे पुन्हा अडकणार नाही.

कॉर्क आत पडला असेल तर मजबूत दोऱ्याचा फास आत सोडा, बाटली उलटी करून कॉर्क फासात आणा आणि सरळ ओढा. काळी बेकलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) झाकणं पाण्यात भिजवू नका, चकाकी जाते. ओल्या फडक्यानं पुसा. बेकलाइटच आहे का हे बघायचं तर कोपरा गरम पाण्यात क्षणभर बुडवून वास घ्या, फिनेलसारखा येतो.

मोडीवाचक

उचलण्याआधी प्रत्येक बाटलीचे चारही बाजूंनी, बुडाचा आणि तोंडाचा असे सहा फोटो आणि मानेला दोऱ्यानं क्रमांकाची चिठ्ठी. स्टिकर नाही. कपाटातली जागाही लिहा. तळमजल्याचं दुकान आहे, खालच्या फळीवरच्या लेबलांना एकाच उंचीवर आडवी तपकिरी रेघ दिसली तर ती साचलेल्या पाण्याची. ती 'साफ' करायच्या भानगडीत पडू नका.

शुभांगी_प

साठवणीचं राहिलं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे किमान ५ सेंमी फट. आर्द्रतामापक आत ठेवा, ५० ते ५५ टक्के उत्तम, ६५ च्या वर सलग काही दिवस राहिलं की बुरशी आलीच. पावसाळ्यात लेबलवाल्या बाटल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर ५० लिटरच्या डब्याला १ किलो सिलिका जेल लागतं. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. रंग उडाला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ कागदावर परत खडे धरते.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, कागदात मुरते. आधी सुकवा, मग गॅलरीत मास्क लावून मऊ कुंचल्यानं बाहेरच्या दिशेला झाडा.

मुगभाट

थोडं विषयांतर. चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर अशाच लेबलवाल्या बाटल्या मिळतात. खऱ्या कशा ओळखायच्या?

काचवेडा

३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च खिशात ठेवा. कागद निळसर-पांढरा झगमगला तर त्यात रंग उजळवणारं रसायन आहे, म्हणजे १९५० च्या पुढचा कागद, चहात बुडवून जुना केलेला. मग भिंग. टाइपाच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाईची गडद कड आणि मागून हलका उठाव असतो, इंकजेटमध्ये रंगीत ठिपके. लेबल जुनं पण त्याखालच्या काचेवर आधीच्या लेबलाच्या डिंकाची वेगळ्या आकाराची सावली असेल तर जोडी नंतर जुळवलेली. आणि बुडाकडे बघा. खरोखर फळीवर सरकत राहिलेल्या बाटलीच्या बुडाच्या कडेलाच झीज असते, सगळीकडे सारखी नसते.

शंभर वर्षांवरची ठरली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ती परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला पार्सल करायचा बेत असेल तर सोडा.

फणसवाडीकर

२२ पैकी १९ बुचं निघाली, आकडे जुळले. दोन ग्लिसरीनमध्ये आहेत. एकीवर 'लिक. आर्सेनिक.' असं लेबल आहे, बाटली रिकामी दिसते, पण तळाशी पांढरा थर आहे. तिचं बूच काही केल्या हलत नाही.

औंसड्रॅम

मग ती रिकामी नाही. तो थर म्हणजे सुकलेलं आर्सेनिक. बूच तसंच राहू दे, बाहेरून कोरडी पुसा आणि मालकांच्या पत्रातल्या यादीत चौथी म्हणून लिहा.